अंगणातला शिंजीर

जास्वंदीवर मुठीत मावेल एवढे पाखरू येते. बारीक, वाकडी चोच फुलात घालते नि मध पिते. तो शिंजीर. नर उन्हात जांभळा-काळा चमकतो. मादी मातकट, पोटाला पिवळसर.

अमेरिकेतले गुंजनपक्षी हवेत उभे राहून मध पितात. त्यांना लोक साखरपाणी टांगतात. ते पक्षी आपल्याकडे नाहीत. आपला शिंजीर बहुधा फांदीवर बसून पितो. त्याला साखरपाणी कशाला? जास्वंद, डाळिंब लावा. बांधावरचा पळस, पांगारा राखा.

शिंजीर किडे, कोळीही खातो. पिलांना तर किडेच भरवतो. नाशिककडे द्राक्षबागेला फवारणी लागते, खरे. पण पंपात उरलेले औषध जास्वंदीवर मारू नका.

आमची चूक सांगतो. ओसरीपुढच्या फांदीला कचऱ्याचा झुबका लोंबत होता. आम्ही जळमट समजून केरसुणीने पाडला. आत दोन अंडी होती. फुटली. मादी दोन दिवस त्याच फांदीवर येत राहिली.

घरटे मादीच बांधते. गवत, सालीचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने सांधते. बाजूला लहान दार, वर छज्जा. अंड्यांतून पंधरा दिवसांत पिले निघतात. ती उडेपर्यंत फांदी हलवू नका.