शेवटच्या नळाचे पाणी

मृगाचा पाऊस लागला की गोमंतकातील नद्या तांबूस होतात. पहिल्या दोन-चार मोठ्या सरींनंतर नळालाही कधी कधी गढूळ धार येते आणि गृहिणी तोटीला स्वच्छ फडके बांधते. फडके लाल झाले तर पाणी वाईट आणि पांढरे राहिले तर पाणी चांगले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फडक्यावर अडकतो तो मातीचा कण. काविळीचा विषाणू किंवा विषमज्वराचा जंतू फडक्यातून सहज पार होतो, आणि काचेसारख्या निर्मळ पाण्यातही तो असू शकतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी आणि पिण्यास निर्धोक पाणी या दोन भिन्न गोष्टी होत.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा हे ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. नळ घरोघर पोहोचला, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यामुळे आपली जबाबदारी वाढली आहे. विहीर बिघडली तर एका वाड्यावरील माणसे आजारी पडतात. नळाचे पाणी बिघडले तर संपूर्ण गाव आजारी पडते. म्हणून नळाच्या पाण्याची परीक्षा कशी करावी, आणि मुख्य म्हणजे ती कोठे करावी, याचा विचार या पाठात केला आहे.

नदीपासून टाकीपर्यंत

फोंड्यास खांडेपार नदीवरील ओपा प्रकल्पातून, वाळपईस दाबोसहून, म्हापशास अस्नोड्याहून व मडगावास साळावलीहून पाणी मिळते. प्रकल्प लहान असो वा मोठा, शुद्धीकरणाची रीत साधारणतः एकच असते. नदीच्या पाण्यात प्रथम तुरटी घोळतात. त्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात व तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात.

हा क्रम महत्त्वाचा आहे. गढूळ पाण्यात कितीही क्लोरीन घातला तरी त्याचा बराचसा भाग माती व पालापाचोळा यांवरच खर्ची पडतो, आणि कणांच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. म्हणूनच भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एककापेक्षा अधिक नसावी. दुसरा उद्भवच उपलब्ध नसेल तर ५ एककांपर्यंत सवलत आहे.

या पहिल्या टप्प्यावर चूक झाली तर काय होते, हे दिल्लीने १९५५ साली अनुभवले. पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. तेथील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे विषमज्वर किंवा आमांश यांचा फैलाव झाला नाही. काविळीचा विषाणू मात्र त्या उपायास पुरून उरला. डिसेंबर १९५५ व जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ही कावीळ ‘हिपॅटायटिस ई’ या विषाणूची होती, हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा रोग विशेष घातक ठरतो; अशा स्त्रियांपैकी शंभरात वीस किंवा त्याहून अधिक दगावू शकतात. पाण्याची हेळसांड कोणाच्या जिवावर बेतते, हे यावरून ध्यानी यावे.

टाकीपासून तोटीपर्यंत

प्रकल्पातून निघालेले पाणी उत्तम असले, तरी ते नागरिकाच्या कळशीत उत्तमच पडेल असे नाही. मधल्या वाटेवर कित्येक किलोमीटर लांबीची नळवाहिनी आहे. तिला सांधे आहेत, गंजलेल्या जागा आहेत, रस्ता खोदताना बसलेले धक्के आहेत. घरात येणारी नळाची शाखा पुष्कळदा गटारातून किंवा त्याला चिकटून नेलेली असते.

नळवाहिनीत सतत जोराचे पाणी असेल तर चिरेतून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. परंतु लहान शहरांत पाणी दिवसातून ठरावीक वेळच सोडले जाते. पुरवठा बंद झाला की चढावरील वाहिनीतले पाणी उतारावरच्या उघड्या नळांतून निघून जाते व मागे पोकळी निर्माण होते. शहाळ्याच्या नळीला चीर पडली असेल तर ओढताना पाण्याबरोबर बाहेरची हवा तोंडात येते. तसेच येथे घडते. फरक इतकाच की नळवाहिनीच्या चिरेभोवती हवेऐवजी गटाराचे किंवा शोषखड्ड्याचे पाणी साचलेले असते, आणि तेच आत ओढले जाते. जो गृहस्थ नळाला थेट पंप जोडून पाणी खेचतो, तो ही ओढ आणखी वाढवितो. त्याची टाकी भरते, पण त्याच्यासह सर्व शेजाऱ्यांच्या पाण्यात घाण येण्याचा धोका निर्माण होतो. नळाला पंप लावण्यास मनाई आहे ती केवळ समान वाटपासाठी नाही, हे लोकांना समजावून सांगितले पाहिजे.

इंदूर हे स्वच्छतेसाठी वर्षानुवर्षे देशात गौरविले गेलेले शहर. तेथील भागीरथपुरा वस्तीत डिसेंबर २०२५ च्या अखेरीस नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळून अतिसाराची साथ पसरली व माणसे मृत्युमुखी पडली. झाडलेले रस्ते डोळ्यांना दिसतात. जमिनीखालची गळती दिसत नाही. तिचा शोध परीक्षेनेच घ्यावा लागतो.

क्लोरीनचा पहारा

ही परीक्षा अवघड नाही. शुद्धीकरणाच्या वेळी क्लोरीन थोडा अधिक घालतात, तो याचसाठी की जंतू मारण्यात खर्च होऊनही त्याचा काही अंश पाण्यात शिल्लक राहावा. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेवरचा पहारेकरी होय. वाहिनीत कोठे थोडी घाण शिरलीच, तर तो तिच्याशी झुंजतो व त्यात स्वतः संपतो. मानकानुसार नळाच्या पाण्यात दर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा हे प्रमाण निदान ०.५ मिलिग्रॅम असावे. टाकीजवळ क्लोरीन आहे आणि शेवटच्या नळाला तो शून्य आहे, असे आढळले तर मधे कोठेतरी तो खर्ची पडला आहे असे समजावे, आणि गळतीचा संशय घ्यावा.

पूर्वी ही तपासणी ऑर्थोटोलिडीनच्या थेंबांनी होत असे व पाणी पिवळे होई. ते द्रव्य आरोग्यास अपायकारक असल्याने आता डी.पी.डी. गोळी वापरणे इष्ट होय. लहान नळीत पाणी घेऊन त्यात गोळी विरघळवावी. क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो. सोबतच्या रंगपट्टीशी तो ताडून प्रमाण वाचता येते. या सर्वास काही मिनिटे पुरतात.

“पाण्याला औषधाचा वास येतो,” अशी तक्रार अनेकदा ऐकू येते, आणि ती टाळण्यासाठी काही ठिकाणी क्लोरीन कमी करण्याचा मोह होतो. सौम्य वास हे पहारेकरी जागेवर असल्याचे लक्षण आहे. पाणी स्वच्छ भांड्यात झाकून काही वेळ ठेवले की वास बराच कमी होतो. वास अचानक नाहीसा झाला तर मात्र चौकशी करावी.

नोंदवहीतील गणित

जेथे विरंजक चूर्ण, म्हणजे आपली टी.सी.एल. पावडर, वापरतात तेथे एक चूक वारंवार घडते. ताज्या पावडरीत शेकडा ३३ च्या आसपास क्लोरीन असतो; ओल, ऊन व हवा लागून तो कमी होत जातो. समजा, गावची टाकी २ लाख लिटरची आहे आणि दर लिटरला १.५ मिलिग्रॅम क्लोरीन द्यावयाचा आहे. म्हणजे एकूण ३०० ग्रॅम क्लोरीन हवा. पावडर शेकडा २५ ची असेल तर ती १,२०० ग्रॅम घालावी लागेल. आता हीच पावडर पावसाळ्यात तोंड उघड्या पिशवीत राहून शेकडा १५ वर आली, तर त्याच १,२०० ग्रॅममधून केवळ १८० ग्रॅम क्लोरीन मिळेल, म्हणजे दर लिटरला ०.९ मिलिग्रॅम. नोंदवहीत वजन तेच दिसेल, पण संरक्षण बरेच घटलेले असेल. म्हणून पावडर किती घातली याची नोंद पुरेशी नाही; नळाला क्लोरीन किती आला याची नोंद हवी.

नमुने चार ठिकाणी घ्यावेत: प्रकल्पाच्या मुखाशी, साठवण टाकीजवळ, मधल्या वस्तीत आणि सर्वांत शेवटच्या नळावर. शेवटचा नळ बहुधा चढावरच्या वाड्यावर किंवा गावाबाहेरच्या नव्या वस्तीत असतो. तेथे जाणे गैरसोयीचे असते आणि म्हणून तोच नमुना राहून जातो. वास्तविक ज्या नळाचा नमुना घेण्यास कंटाळा येतो, तोच सर्वप्रथम घ्यावा. पाणी सुटल्याबरोबर येणारी पहिली धार सर्वांत संशयास्पद असते; तिचीही अधूनमधून परीक्षा करावी. निकाल वाईट आला तर प्रकल्पावर क्लोरीन वाढवून स्वस्थ बसू नये. गळती शोधावी, ती दुरुस्त करावी, वाहिनी धुऊन पुन्हा नमुना घ्यावा, आणि त्याच दिवशी लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी. ही सूचना दिल्याने खात्याची अब्रू जात नाही; ती दडविल्याने माणसे जातात.

घरातील पाणी

तोटीपर्यंत निर्धोक आलेले पाणी घरात बिघडू नये, ही गृहस्थाची जबाबदारी आहे. घराची टाकी झाकलेली असावी व वर्षातून निदान दोनदा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी आणि चवथीच्या सुमारास, घासून स्वच्छ करावी. भूमिगत टाकीचे तोंड जमिनीपासून उंच असावे, म्हणजे पावसाचे पाणी आत जाणार नाही. पिण्याच्या माठात पेला बुडवू नये. दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. नळाची शाखा गटारातून गेली असल्यास ती वरून घेण्यासाठी अर्ज करावा. जांभ्या दगडाच्या जमिनीत पाणी लांबवर झिरपते, म्हणून विहीर व शोषखड्डा यांत निदान १५ मीटर अंतर राखावे. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळू लागल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे व त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे.

शाळेतील एक प्रयोग

शिक्षकांसाठी एक उपयुक्त साधन आपल्या देशातच तयार झाले आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ मंजा व त्यांचे सहकारी यांनी १९८२ साली एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली. तीत औषध लावलेल्या कागदाच्या निर्जंतुक बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी ठेवतात. विष्ठेतून येणाऱ्या जंतूंपैकी अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. तसे जंतू असल्यास एक-दोन दिवसांत पाणी काळे पडते. बाटली काळी पडली तर पाणी संशयास्पद समजून प्रयोगशाळेत नमुना पाठवावा. काळी पडली नाही, तरी केवळ तेवढ्यावरून पाणी निर्दोष ठरत नाही. मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य कोलाय जंतू एकही आढळता कामा नये, आणि ती खात्री प्रयोगशाळाच देऊ शकते. वापरलेल्या बाटलीत विरंजक चूर्णाचे द्रावण ओतून मगच ती टाकावी, व मुलांनी हात साबणाने धुवावेत.

महिन्यातून एकदा वरच्या वर्गातील मुलांनी शाळेचा नळ, बाजारातील नळ आणि गावाच्या टोकाचा नळ यांची क्लोरीन तपासणी करून आकडे फळ्यावर लिहावेत, त्यांची प्रत पंचायतीस किंवा नगरपालिकेस द्यावी. एखाद्या आठवड्यात टोकाच्या नळापुढे शून्य लिहावे लागले तर ती अधिकाऱ्यांवरील टीका समजली जाऊ नये. तो वेळेवर मिळालेला इशारा आहे, आणि अधिकाऱ्यांनी त्याचे स्वागत करावे.

गावाला पाणी मिळते काय, या प्रश्नाचे उत्तर टाकी पाहून देता येते. ते पाणी निर्धोक आहे काय, याचे उत्तर शेवटच्या नळाखाली नळी धरूनच द्यावे लागते. त्या घरातील गरोदर सून आणि पाळण्यातले मूल ज्या दिवशी ते पाणी निःशंकपणे पिऊ शकतील, त्या दिवशी पाणीपुरवठ्याचे काम पूर्ण झाले असे म्हणता येईल.