मावळ्याचा पोशाख निवडताना : ‘हे आपल्याला कशावरून माहीत?’



१९ फेब्रुवारी जवळ आली की शाळाशाळांत ऐतिहासिक प्रसंगांची तयारी सुरू होते. कुठे पावनखिंड, कुठे सिंहगड, कुठे प्रतापगड. मग पालकांची धावपळ भाड्याच्या पोशाखासाठी. सॅटिनचा भगवा झगा, चकचकीत तयार फेटा, चंदेरी प्लास्टिकची तलवार आणि काजळाची मिशी. झाला मावळा तयार!

हौस म्हणून यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मूल जे वाचतं ते कदाचित विसरेल, पण जे अंगावर घालतं ते विसरत नाही. चौथीत मनात बसलेला मावळा मोठेपणीही तसाच राहतो. म्हणून पोशाख निवडणे हाही इतिहासाचाच तास समजू या. त्या तासाचा प्रश्न एकच : हे आपल्याला कशावरून माहीत?

१. आधी साल ठरवा, मग कपडे

‘मराठा सैनिक’ असा एकच पोशाख नाही. १६५९ चा प्रतापगड, १७६१ चे पानिपत आणि त्यानंतरच्या महादजी शिंद्यांच्या फौजा, हे तीन वेगळे काळ आहेत. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे शिस्तबद्ध पायदळ होते. पुढे महादजींनी द बॉयन या फ्रेंच बोलणाऱ्या अधिकाऱ्याकडून युरोपीय पद्धतीच्या पलटणी उभ्या केल्या. शिवकाळात मात्र आजच्या अर्थाचा गणवेश नव्हता. घोडदळात दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. अशा फौजेत सगळे एकसारखे कसे दिसतील?

म्हणजे रंगमंचावर वीस मुले एकाच भगव्या रंगात उभी केली, तर दिसायला छान, पण चित्र चुकीचे. वीस मुले वीस तऱ्हांची दिसली, तर ते स्वराज्याच्या फौजेच्या जास्त जवळ जाईल.

२. पुरावा कुठे शोधायचा?

पहिला पुरावा समकालीन चित्रांचा. मीर मुहंमद या चित्रकाराने काढलेले, मनुचीच्या संग्रहातले चित्र आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात महाराज घोड्यावर आहेत आणि सोबत पायी चालणारे सैनिक आहेत. मुलांना महाराजांइतकेच त्या सैनिकांकडेही बघायला सांगा. त्यांच्या डोक्याला काय आहे? कमरेला काय? हातात काय?

दुसरा पुरावा बखरींचा. सभासद बखर १६९७ च्या सुमाराची, म्हणजे घटनांना बरीच जवळची. अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगात जरीची कुडती, डोक्याला मंदील आणि पायात चोळणा घातला, हातात बिचवा आणि वाघनख घेतले, असे वर्णन तिच्यात येते. प्रतापगडाचा प्रसंग बसवणाऱ्यांना याहून चांगली यादी कुठे मिळणार?

तिसरा पुरावा वस्तूंचा. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आणि साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय इथे जुनी शस्त्रे बघता येतात. पण वस्तूलाही प्रश्न विचारायचाच. २०२४ साली लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे साताऱ्याला प्रदर्शनासाठी आली. ती महाराजांनी प्रतापगडावर वापरलेलीच आहेत का, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. मुलांना हे जरूर सांगा. त्याने आदर कमी होत नाही, समज वाढते.

आणि चित्रही चुकू शकते बरं का! एकेकाळी महाराजांचे म्हणून छापले जाणारे एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र लोकांसमोर आणले, तेव्हा हा घोळ मिटला.

३. कापड, रंग आणि बांधणी

कृत्रिम रंगांचा शोध १८५६ चा. त्याआधी रंग मिळत ते नीळ, हळद, मंजिष्ठ, कुसुंबा अशा वनस्पतींपासून. म्हणून डोळे दिपवणारा भगवा आणि सॅटिनची चकाकी टाळा. पॉलिस्टर तर विसाव्या शतकातले. सुती, थोडे मळखाऊ, धुऊन मऊ झालेले कापड सगळ्यात बरे. झिप आणि वेल्क्रो नको, बंडी बंदांनी बांधा. फेटा तयार टोपीसारखा न आणता मुलाच्या डोक्यावर बांधा. बांधायला वेळ लागतो, पण तोही शिकण्याचाच भाग आहे.

इथे पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट. साधा मावळा हा शेतकऱ्याचा मुलगा. आजोबांचे जुने धोतर, सुती बंडी, कमरेला शेला, खांद्यावर घोंगडी, एवढ्यात त्याचा पोशाख होतो. ज्या घरात भाड्याला पैसे नाहीत, त्या मुलाला मागच्या रांगेत ढकलू नका. त्याच्या घरातले कपडे कदाचित सगळ्यात खरे असतील.

४. शस्त्रे : खरी दिसावीत, खरी असू नयेत

- तलवार : सगळ्यांच्या हातात एकाच साच्याची वाकडी तलवार नको. सरळ पात्याची धोप आणि युरोपीय पाते बसवलेली फिरंगही वापरात होती. पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड घ्या, टोक गोल करा.
- ढाल : बऱ्याच ढाली कातड्याच्या असत. सिंहगडावर तानाजींची ढाल तुटली आणि त्यांनी हातालाच ढाल केले, असे बखर सांगते. चकचकीत पत्र्याच्या ढालीने तो प्रसंग मुलांना कळणार नाही. जाड पुठ्ठ्यावर काळपट तपकिरी रंग पुरे.
- पट्टा : यात हाताचा पंजा मुठीच्या आत अडकतो आणि मनगट मोकळे राहत नाही. म्हणून मुलांसाठी तो फक्त मऊ फोमचा करा.
- बंदूक : शिवकाळासाठी तोड्याची बंदूक. दांड्याला सुती दोरीची वात लावा, पण पेटवू नका.

धारेच्या शस्त्रांवर कायद्याची बंधने आहेत. कुणाच्या घरातली जुनी तलवार शाळेत आणू देऊ नका.

५. वर्गात करायचा उपक्रम

प्रत्येक मुलाला एक कागद द्या. आपल्या पोशाखातली प्रत्येक वस्तू त्याने लिहायची. शेजारी पुरावा लिहायचा : चित्र, बखर, की संग्रहालयातली वस्तू. शेवटी खात्री लिहायची : ‘पक्के’, ‘शक्य’ किंवा ‘अंदाज’. ‘अंदाज’ लिहिलेल्या मुलाला रागावू नका. अंदाजाला अंदाज म्हणणे हीच तर इतिहासाची पहिली शिस्त.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन-तीन मुलांना पुढे येऊन एकेक वाक्य बोलू द्या : “माझी ढाल कातड्यासारखी आहे, कारण…” बघा, पालकही कान देऊन ऐकतील.

सगळ्याच वस्तू अचूक मिळणार नाहीत. पायात सँडल असेल, कुणाचा चष्माही असेल. चष्मा अजिबात काढायला लावू नका! ‘हे त्या काळातलं नाही’ एवढं मुलाला ठाऊक असलं, तरी आपला तास यशस्वी झाला.