मधुमेहींसाठी रात्रीचे जेवण : पनीर, ढोबळी मिरची आणि चीज

रात्रीच्या ताटात भात, पोळी आणि बटाट्याची भाजी एकत्र आली की ताटाचा बहुतेक भाग कर्बोदकांनीच व्यापला जातो. बसवनगुडीतील घरांत सायंकाळी गांधी बझारातील डोशाचीही त्यात भर पडते. जेवणानंतर ज्यांची साखर वाढते, त्यांनी रात्रीचे एक जेवण तरी निराळ्या रीतीने मांडून पाहावे.

पाश्चात्त्य घरांत गोमांसाचा खिमा, ढोबळी मिरची आणि चीज एकाच पसरट तव्यात शिजवून असे जेवण करतात. आपण खिम्याच्या जागी पनीर घ्यावे. मांसाहारी कुटुंबांनी कोंबडीचा खिमा घेतल्यास हरकत नाही; मात्र आत गुलाबी छटा उरणार नाही इतका तो शिजवावा.

चौघांसाठी 300 ग्रॅम पनीर, तीन ढोबळी मिरच्या (बाजारात ‘दोण्ण मेणसिनकाई’ म्हणून मागाव्यात), एक कांदा, आले-लसूण व तीन चहाचे चमचे तेल पुरते. तेलात कांदा व आले-लसूण परतावे, मग मोठ्या आचेवर मिरच्या चार-पाच मिनिटे परताव्यात. त्यांचा करकरीतपणा राहू द्यावा. मग पनीर कुस्करून घालावे, मिरपूड व दोन चमचे दाण्याचे कूट टाकावे. कार्तिकात बुल टेंपल रस्त्यावरील कडलेकाई परिषेतून आणलेल्या शेंगा घरात असतातच. त्यांचेच कूट उत्तम. शेवटी 40 ग्रॅम किसलेले चीज वर पसरून आच बंद करावी व दोन मिनिटे झाकण ठेवावे. आचेवर ठेवल्यास चीज चिवट होते आणि तेल सोडते. चीजमध्ये मीठ असतेच, म्हणून वरून घालावयाचे मीठ निम्मे करावे. रक्तदाब असणाऱ्यांनी वरून मीठ घालूच नये.

हिरव्या ढोबळी मिरचीच्या 100 ग्रॅममध्ये कर्बोदके 5 ग्रॅमच्या आतच असतात; शिजलेल्या भाताच्या एका मोठ्या वाटीत ती 40 ग्रॅमच्या आसपास भरतात. पनीर व चीज यांतील स्निग्धांश मात्र कमी नाही. म्हणून हे जेवण रोज न करता आठवड्यातून एक-दोनदा करावे, आणि पनीर शक्यतो साय काढलेल्या दुधाचे घ्यावे.

यापुढील मजकूर कृतीपेक्षाही महत्त्वाचा आहे. आपण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल, तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय भात-पोळी एकाएकी बंद करू नये. औषध तेच आणि कर्बोदके कमी, असे झाल्यास साखर धोकादायकरीत्या घसरते. घाम, हातांना कंप, धडधड, गोंधळलेपण ही तिची लक्षणे. तपासणीत साखर 70 मिलिग्रॅमहून कमी आढळल्यास, किंवा लक्षणे असून यंत्र जवळ नसल्यास, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तत्काळ 108 क्रमांकावर दूरध्वनी करावा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारूनच आहार बदलावा.

औषधात बदल नको असे डॉक्टरांनी सांगितल्यास या भाजीबरोबर एक लहान पोळी घ्यावी. जेवणाच्या पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर मोजावी, आकडा व त्या रात्री काय खाल्ले ते वहीत लिहावे, आणि पुढील भेटीस वही सोबत आणावी.