भाचीचे डोळे आणि जन्मजात गरमी

प्रश्न : माझी १४ वर्षांची भाची उजेडाकडे बघू शकत नाही, डोळे लाल, नजर धूसर. डॉक्टरांनी जन्मजात सिफिलिस (गरमी) सांगितलं. घरात कुजबुज सुरू आहे. तिच्यापासून कुणाला लागेल का? नजर परत येईल?

उत्तर : ताई, आधी ती कुजबुज थांबवा. हा आजार तिला पोटात असतानाच आईकडून नाळेवाटे मिळाला. पोरीचा यात काडीचाही दोष नाही. आता तिच्यासोबत जेवल्या-झोपल्याने तो कुणाला लागणार नाही.

तिच्या डोळ्यांचा त्रास म्हणजे या आजारात येणारी बुबुळाची सूज; ती साधारण ५ ते २० वर्षांच्या वयात उठते. एका डोळ्यात सुरू होऊन बहुधा दुसऱ्यातही येते. पेनिसिलिनची इंजेक्शनं द्यायलाच हवीत, पण ती फक्त जंतू मारतात. डोळ्याची सूज त्यांनी उतरत नाही. त्यासाठी स्टेरॉइडचे थेंब लागतात, तेही नेत्रतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. वेळेत सुरू केले तर नजर बरीच सुधारते. थेंब मनाने बंद करू नका.

तिचे वरचे पुढचे दोन दात नीट बघा. टोकाशी निमुळते आणि मधोमध खाच पडलेले असतील, तर निदानाला बळ मिळतं. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकात ही खूण नोंदवली. गुडघे न दुखता सुजतात का, तेही डॉक्टरांना सांगा.

मला जास्त काळजी कानांची वाटते. या आजारात बहिरेपण हळूहळूही येऊ शकतं आणि मूल अभ्यासात लक्ष देत नाही म्हणून बोलणी खातं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) याच महिन्यात करून घ्या. सिफिलिससाठीच्या रक्ततपासणीत केवळ व्हीडीआरएलवर न थांबता टीपीएचएही करा. आई-वडील आणि भावंडांचंही रक्त तपासा.