मार्च एंड, चैत्र आणि चिरंजीव

आमच्या बिल्डिंगच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत माझी एकटीची चार मिनिटं. चिरंजीव बरोबर असले की चाळीस. हे मी घड्याळ लावून मोजलंय, कारण मार्चमध्ये माझं सगळंच घड्याळ लावून चाललेलं असतं. मी हिशेबाच्या कामात आहे. ज्यांच्या घरात कुणी अकाउंट्सवालं असेल त्यांना मार्च एंड म्हणजे काय ते सांगायला नको. आणि नेमका त्याच दिवसांत पुण्यात वसंत येतो.

त्या चाळीस मिनिटांचा हिशेब देते. फाटकाशी करंजाचं झाड आहे. मार्चात त्याची पानं गळतात आणि बघता बघता पोपटी, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत पालवी फुटते. मी मान वर करून बघत राहते. लेक उंचीने जेमतेम पावणेतीन फूट, त्याचा वसंत सगळा खाली. वाळकं पान उचलायचं, मुठीत चुरायचं, ‘कुर्र’ वाजलं की माझ्याकडे बघायचं, मग दुसरं. एकदा मी कौतुकाने कोवळं पान दिलं. त्याने ते चुरून पाहिलं, वाजलं नाही, टाकून दिलं. पुढे मुंग्यांची रांग. तिथे तो उकिडवा बसतो, अगदी सहज, शेतात बसल्यासारखा. शेजारी बसून मुंग्या बघता बघता माझ्या पायाला मुंग्या येतात, त्याला काही होत नाही. मग कुठून तरी तांबट पक्ष्याचं ‘टुक टुक टुक’ सुरू होतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून तर त्याचं नाव तांबट; आपल्या तांबट आळीतले कारागीर तरी दुसरं काय करतात? पण आमच्या वरच्या मजल्यावर तेव्हा सुतारकाम चालू होतं. त्यामुळे लेक बोट वर करून मला समजावतो, ‘काका. टाक् टाक्.’ झाडावर काका कसे गेले हा प्रश्न त्याला पडत नाही.

आता माझी चूक सांगते. मार्चचा शेवटचा आठवडा, साडेदहाला मीटिंग, सव्वादहा वाजलेले आणि चिरंजीव मुंग्यांपाशी. ‘चल’ दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा मी काही म्हटलंच नाही, सरळ काखेत मारला आणि निघाले. त्याने पाठीची कमान केली, टाहो फोडला, एक चप्पल रस्त्यावर पडली. समोरून येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, ‘हट्टी दिसतोय हो.’ मीही हसून ‘हो ना’ म्हटलं. घरी तो बारा वाजेपर्यंत रडत, धुसफुसत होता. मीटिंगमध्ये मी काय बोलले ते मलाच आठवत नाही. पंधरा मिनिटं वाचवायला गेले आणि दीड तास बुडाला. हिशेबात इतकी ढोबळ चूक मी ऑफिसात कधी केली नसेल.

ते ‘हो ना’ मात्र नंतर टोचत राहिलं. तो हट्टी नव्हता, कामात होता. ऐन कामात मला कुणी खुर्चीसकट उचलून नेलं असतं तर मीही पाठीची कमान केली असती.

तेव्हापासून एक युक्ती करते. उठायच्या आधी जरा वेळ सूचना द्यायची: ‘अजून तीन पानं, मग मुंगीला टाटा.’ त्याला तीन म्हणजे किती ते कळत नाही, दोन आणि ‘खूप’ एवढंच त्याचं गणित. पण टाटा करायचा म्हणजे आता संपलं, हे त्याला पटतं. दहातल्या सहा वेळा चालतं. उरलेल्या चार वेळी काखेत मारावाच लागतो, आणि त्याबद्दल मी स्वतःला फाशी देत नाही.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला आला, म्हणजे वर्षाचे हिशेब बंद व्हायच्या आदल्या दिवशी. गुढी सासूबाईंनीच उभारली, मी फक्त काठी धरली. कडुनिंबाची कोवळी पानं, फुलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, हिंग, मिरी, मीठ असं वाटून त्या दरवर्षी चटणी करतात आणि आम्ही दरवर्षी ती तोंड वाकडं करून गिळतो. लेकाच्या जिभेला एक बोट लावलं. तो थबकला. डोळे बारीक झाले, खांदे वर गेले. मग म्हणाला, ‘अजून.’ वरणभाताला तोंड फिरवणारं पोर हे! दोन वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांच्या जिभेविषयी कुणी ठाम काही सांगायला लागलं, की मी आता विषय बदलते.

एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून सोऱ्याने घालायच्या. त्याला फडकं बांधलेली काठी देऊन सासूबाईंनी वाळवणाची राखण सोपवली. मी म्हटलं, ‘आई, तो नासधूस करेल.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, चार कुरडया मोडेल. कावळे आठ नेतात.’ त्याने तीन मोडल्या, दोन ओल्याच खाल्ल्या, आणि कावळ्यांना ‘काऊ, ये’ म्हणून बोलावलं. पण तासभर कुणालाही त्याच्यापुढे मोबाईल धरावा लागला नाही. त्या आठवड्यात ऊन चढत होतं, म्हणून हे सगळं सकाळी साडेनऊच्या आत. अकरा ते चार आम्ही घरात, पातळ सुती झबलं, आणि पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल असा खाली ठेवलेला. मागून प्यायची वाट बघितली तर तो दिवसभर खेळाच्या नादात कोरडाच राहतो.

मोबाईलचं म्हणाल तर रात्री तो झोपल्यावर मी तोच उघडून बालसंगोपन वाचते, हा विनोद माझ्या लक्षात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी, दुपारची धरून ११ ते १४ तास झोपावं. वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन वर्षांच्याला फार तर तासभर, आणि कमी तितकं बरं. १८० मिनिटं वाचून मी घाबरले होते. मग दूधवाल्याची फेरी, जिना आणि गच्ची मोजली. आमचे साहेब नाश्त्याआधीच निम्मे गाठतात. स्क्रीनच्या बाबतीत आमचा ताळेबंद मार्चभर जुळला नाही, तो मी इथे मांडत नाही.

खेळण्यांवर झालेला खर्च मात्र मांडते, कारण तो वाया गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, त्या शंखशिंपले, पानं, बिया यांवर. तिथली गरिबी होती म्हणून, असं मला वाटायचं. आमच्याकडे डब्यात रंगीत ठोकळे आहेत, आणि लेक करंजाच्या वाळक्या शेंगा त्याच डब्यात भरतो, ओततो, पुन्हा भरतो. ठोकळे सोफ्याखाली. शेंगा मात्र मी समोर असतानाच, कारण आतली बी विषारी असते आणि त्याचं सगळं परीक्षण शेवटी तोंडाशी येतं.

किंवा नाकाशी. हे जरा सविस्तर सांगायला हवं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. आरास, कैरीची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. पंधरा-वीस बायका येऊन गेल्या. मी आरशीपुढच्या गौरीचा फोटो काढत होते, तेवढ्यात लेक आला आणि म्हणाला, ‘हब्बा. नाक.’ मी म्हटलं, ‘हो राजा, हरभरा. छान.’ तो पुन्हा म्हणाला, ‘आई, हब्बा नाक.’ मी कलिंगडाचं कमळ जरा डावीकडे सरकवलं. तिसऱ्यांदा त्याने माझी साडी ओढली आणि आपल्या उजव्या नाकपुडीत बोट घातलं. तरीही मी म्हटलं, ‘शी, नाकात बोट नाही घालायचं.’

रात्री उजव्याच बाजूने नाक वाहायला लागलं. नणंदेने एकदम विचारलं, ‘फक्त एकाच बाजूने?’ तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॉर्च लावला, आत पिवळसर काहीतरी गोल. हेअरपिन हातात घेतली होती, सासूबाईंनी काढून घेतली. तेवढं बरं केलं. त्याच रात्री कान-नाक-घशाचे डॉक्टर गाठले. त्याला चादरीत गुंडाळून मांडीवर घट्ट धरलं, आणि बारीक आकड्याने त्यांनी अर्ध्या मिनिटात टम्म फुगलेला हरभरा बाहेर काढला. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देते: घरी कोरायचं नाही, दाणा आणखी आत जातो. पाणी सोडायचं नाही, कडधान्य ओलाव्याने फुगतं. एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर सर्दी समजून बसू नका. मूल गुदमरत असेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल तर थेट इस्पितळ. आणि अख्खे हरभरे, शेंगदाणे, फुटाणे इतक्या लहान मुलाच्या हाताला लागू द्यायचे नाहीत. हा नाकात गेला, श्वासनलिकेत गेला असता तर गोष्ट वेगळी होती.

परत येताना रिक्षात तो झोपाळलेल्या आवाजात मला म्हणाला, ‘हब्बा गेला.’ तीनदा सांगून झालेली गोष्ट त्याने चौथ्यांदा सांगितली, तेव्हा कुठे मी नीट ऐकली.

फोटो छान आला होता. कुणाला पाठवला नाही.

अक्षय्य तृतीया झाली, गौर गेली, माझं ऑफिस निवळलं. टेकडीवरच्या सावरीची लाल फुलं बघायला मार्चात जमलं नाही, ती कधीच संपली. आता बोंडं फुटून कापूस उडतोय. लेक दोन्ही हात वर करून त्याच्यामागे धावतो, कापूस सापडतच नाही, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडेही एखादी सावर, शेवरी असेलच. एखादी संध्याकाळ काढा. पहिला वळीव पडला की हा सगळा कापूस भिजून चिखलात बसेल.