टाकी आज, मासे महिन्याभराने

अगं, किती गोंधळलीयस! दुकानदाराने टाकीबरोबर चार बाटल्या दिल्या, शेजारच्या काकू म्हणतात रोज पाणी बदल, दीर म्हणतो महिनाभर हात लावू नकोस. आधी बस बघू. मासे अजून आणले नाहीस ना? मग काहीही बिघडलेलं नाही. सगळं घर सांभाळणाऱ्या बाईला दोन फुटी टाकी काही जड नाही.

खरं सांगू का, नव्या टाकीतले मासे मरतात ते बहुतेक वेळा स्वतःच्याच घाणीने. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. पाणी दिसायला नितळ असतं, पण मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, कल्ले भराभर हलतात. हा अमोनिया निस्तरणारे जिवाणू असतात गं. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडं असेल तर माशांना सोसतं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून आत्ता काय करायचं, तर पाणी भर, फिल्टर चोवीस तास चालू ठेव आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाक. ते कुजून जिवाणूंचं पोट भरेल. ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आण. दह्याला विरजण लावतो ना, तसं काम होतं बघ. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टाकी तयार.

नळाच्या पाण्यातला क्लोरिन मात्र या जिवाणूंनाही मारतो आणि माशांनाही. बादली रात्रभर उघडी ठेवली की क्लोरिन उडून जातो, पण पाण्यात क्लोरामाइन असेल तर ते तसंच राहतं. त्यापेक्षा क्लोरिन मारायचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाल. त्या चार बाटल्यांतली ही एक हाताशी ठेव, बाकीच्या वर ठेवून दे.

मासे आले की आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. स्पंज घाण दिसला तरी नळाखाली धरू नकोस! टाकीतूनच काढलेलं पाणी बादलीत घे, त्यात दोन-तीनदा पिळ. पाणी चहासारखं होईल, होऊ दे. स्पंज पांढराशुभ्र करायचा नाही, त्यातच तर आपले जिवाणू राहतात.

आता मासे कोणते? गोल बरणीतल्या गोल्डफिशचा हट्ट सोड. तो वीतभर वाढतो आणि घाणही खूप करतो. तुझ्यासाठी गप्पी. डासांच्या अळ्या खायला नगरपालिका सोडते तेच, फक्त रंगीत जातीचे. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे ना? असं जड पाणी त्यांना मानवतं. सुरुवातीला पाच-सहा आण, आणि नुसते नर. माद्या आणल्यास तर महिन्याभरात पिल्लंच पिल्लं. फायटर आवडला तर छोट्या टाकीत एकटाच ठेव, दोन नर एकत्र भांडून मरतात.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. उपाशी राहतील म्हणून जीव खाली-वर करून घेऊ नकोस. गणपतीला चार दिवस गावी गेलीस तरी मोठे, निरोगी मासे सहज राहतात. शेजाऱ्यांना खाणं टाकायला सांगू नकोस, मायेपोटी मूठभर टाकतील.

तर उद्या दुकानात जाशील तेव्हा पाणी तपासायचा किट तेवढा घ्यायचा. मासे डोळे भरून बघ, पण पिशवी बांधून आणायची नाही, सांगून ठेवते! आकडे जमले की मला फोन कर. मी येते, पंख पसरून हुंदडणारे गप्पी आपण दोघी मिळून निवडू.