गिरणी आधी, अनुदान मागून

भाची : मामा, आमच्या बचत गटाचं ठरलंय. साळी विकायची नाही, गिरणी टाकून तांदूळच विकायचा. सरकार पस्तीस टक्के देतं म्हणे. ते पैसे आले की मशीन आणू.

मामा : इथंच भोर-वेल्ह्यात सगळ्यांची गल्लत होते. पैसे आधी येत नाहीत. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना 2020 साली आली. खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. समज, शेड आणि मशीन मिळून 6 लाख. त्यात किमान 60 हजार तुमच्या पदरचे, 5 लाख 40 हजार कर्ज. अनुदानाचे 2 लाख 10 हजार बँकेत येऊन पडतात, तुमच्या हाताला लागत नाहीत. कर्जाची शेवटची रक्कम उचलल्यापासून तीन वर्षं खातं थकलं नाही आणि गिरणी चालू राहिली, तर ते कर्जात वळते होतात.

भाची : आणि मधेच बंद पडली तर?

मामा : अनुदान गेलं, कर्ज उरलं.

भाची : गटाच्या बायकांना चाळीस हजार मिळतात, ते?

मामा : ते बीज भांडवल. गटाच्या संघामार्फत कर्जाऊ येतं, परत फेडायचं असतं. साळी खरेदीला मात्र कामाला येईल.

भाची : पण खालच्या आळीत एकाला पॉवर टिलर निम्म्या किमतीत मिळाला.

मामा : ती वाट महाडीबीटी पोर्टलची. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला यंत्राच्या किमतीच्या 50 टक्क्यांपर्यंत, इतरांना 40, आणि त्यालाही कमाल मर्यादा. तिथंही अर्ज, निवड, मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीच्या आधी यंत्र उचललं तर एक रुपया मिळत नाही. पूर्ण किंमत आधी आपण भरायची, तीही बँक खात्यातून. मग बिल चढवायचं, सहायक कृषी अधिकारी येऊन यंत्र बघणार, त्यानंतर आधारला जोडलेल्या खात्यात पैसे. ज्याच्याकडे रोकड आहे, त्यालाच हे झेपतं.

भाची : आईनं अर्ज करायचं म्हटलं तर?

मामा : अगं, तुमचा सातबारा उघडून बघ. आजोबांच्या माघारी वारस लागले, वाटप झालंच नाही. मुंबईतले चुलते, सासरी गेलेल्या आत्या, सगळी नावं एका खात्यावर. कसते तुझी आई, पण सामाईक खात्यावर इतरांचं संमतीपत्र मागतात. एक आत्या सही करत नाही म्हटली की फाईल तिथंच. 2025 पासून शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, आणि तो जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे. डोंगरातली खाचरं अशीच गुंठ्यागुंठ्यांत अडकलीत. मला विचारशील तर महसूल आणि कृषी खात्यानं एकत्र बसून गावोगाव वाटपाची शिबिरं लावावीत. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराला वाटपाचा अधिकार आहेच. आमच्या भागाला अनुदानाची टक्केवारी वाढवण्यापेक्षा अशा शिबिरांचा उपयोग जास्त.

भाची : मग गिरणीलाही सातबारा आडवा येणार?

मामा : गिरणीच्या योजनेत शेतजमिनीची अट नाही, म्हणून तर तुमच्यासाठी ती बरी. शेडच्या जागेचा कागद मात्र लागेल. भाडेकरार चालतो का, ते बँकेला आधीच विचारा.

भाची : म्हणजे टाकावी?

मामा : आधी तांदळाला विचारा. इंद्रायणी जात वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आली, पुण्यात तिला गिऱ्हाईक आहे. पण जुन्या हलरवर तिची फार कणी होते. हे बघ, या मुठीत अख्खा दाणा किती आणि तुकडा किती. अख्ख्याचा भाव निराळा, कणीचा निराळा. एक क्विंटल साळी रबर रोलरच्या गिरणीवर न्या. तांदूळ, कणी, कोंडा वेगवेगळं तोला. आलेल्या पैशातून वीज, मजुरी, कर्जाचा हप्ता वजा करा. अनुदान त्यात धरूच नका.

भाची : आणि उरलं काही तर?

मामा : तर मशीनचं कोटेशन घेऊन ये, प्रकल्प अहवाल आपण दोघं बसून लिहू.